सुटा माल

भागीरथाच्या दुकानातून डाळीचं पोतं बाहेर काढलं त्या दिवशी ती जेवली नाही. उपास नव्हता, भांडणही झालं नव्हतं. घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला आणि तिनं ताट सरकवून दिलं.

दुकान वाघझरीत होतं, घाटंजीपासून अकरा किलोमीटरवर, ग्रामपंचायतीच्या समोर. बावीस वर्षं ती ते चालवत होती. नवरा रामराव शेत पाहायचा. कापूस, सोयाबीन आणि कपाशीच्या ओळींमधून तूर. दुकान मात्र भागीरथाचं. कोणाच्या घरी पाहुणे आले, कोणाचं लेकरू आजारी पडलं, हे तिला साखर नि साबुदाण्याच्या पुड्यांवरून कळायचं.

यंदा दिवाळीच्या तोंडावर आठ दिवस पाऊस लागला. फुटलेला कापूस झाडावरच काळा पडला. सोयाबीनच्या गंजीला कोंब आले. वेचणी अर्धीच झाली, तशी बायांची मजुरीही अर्धी झाली, आणि रोज संध्याकाळी दहाचं तेल नि पाचची चहापत्ती नेणाऱ्या बाया दिवसाआड येऊ लागल्या. त्यातच घाटंजीत 'घरभर' नावाच्या कंपनीचं मोठं दुकान उघडलं. काचेचं दार, आत थंड हवा, ढकलायच्या गाड्या. लोक ऑटो करून जाऊ लागले. रामरावचा सख्खा भाऊ एका रविवारी तिकडून सामान घेऊन आला, आणि भागीरथाच्या दुकानासमोर आल्यावर त्यानं दोन्ही पिशव्या दुकानापासून पलीकडच्या हातात धरल्या. भागीरथानं ते पाहिलं. तिनं त्याला हाक मारून राम राम घातला, मुद्दाम.

"माय, हे आता असं नाही चालत," तिचा पोरगा कपिल म्हणाला. "त्याईच्याशी भांडून आपन कुठवर पुरनार? त्याईचंच दुकान आपल्या घरात आनू."

कपिल यवतमाळला बी. कॉम. झालेला. त्यानंच कंपनीचा माणूस आणला. अंकुर त्याचं नाव, सव्वीस-सत्तावीसचा, निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. कळंबकडचा, शेतकऱ्याच्या घरचा. त्यानं पाणी मागून घेतलं, तांब्या वरून धरून प्यायला, तेव्हा भागीरथाला तो जरा बरा वाटला.

"काकू, दुकान तुमचंच राहते. फक्त रूप बदलते," तो म्हणाला. "पाटी आमची, रॅक आमचे, फ्रीज आमचा, माल आमचा."

"मंग माह्यं काय राह्यलं?"

अंकुर हसला. कपिलही हसला. भागीरथानं खरंच विचारलं होतं.

कपिलनं मोटारसायकल विकून अनामत भरली. डिसेंबरात ट्रक आला. पोती निघाली, टिनाचे डबे निघाले, तेलाची पळी निघाली, लोखंडी तराजू निघाला. कंपनीचा नियम एकच होता, पण सगळ्याला पुरून उरणारा: सुटा माल ठेवायचा नाही. जे असेल ते पाकिटात, आणि पाकीट कंपनीचं.

सगळंच वाईट झालं असं नाही. उंदीर गेले. पांढरा उजेड पडला. बाया स्वतःच्या हातानं साबण उचलून वास घेऊ लागल्या, परत ठेवू लागल्या. पूर्वी त्या काउंटरच्या अलीकडे उभ्या राहून बोट दाखवायच्या. भागीरथाला ते आवडलं. आणि सून वैष्णवी! लग्न होऊन दोन वर्षं ती घरात मान खाली घालून भाकरी थापत होती. बिलाच्या मशीनवर बसली आणि तिचा आवाज निघाला. कोणाला किती सूट, कोणतं पाकीट कधी संपणार, सगळं तिच्या जिभेवर. तिनं एक फाइल केली होती, त्यात ट्रकसोबत आलेला कागद अन् कागद ती टोचून ठेवायची.

"आत्याबाई, तुम्ही फक्त उभ्या राहा न् हासा," ती म्हणायची. "बाकी मी पाहतो."

भागीरथाला केशरी रंगाचा एप्रन मिळाला होता. छातीवर कंपनीचं नाव. बसायला खुर्ची नाही. दुकानात बसलेला माणूस बरा दिसत नाही, असं अंकुर म्हणाला होता. पन्नाशी उलटलेल्या तिच्या पिंढऱ्या संध्याकाळपर्यंत दगड व्हायच्या.

पहिल्या आठवड्यातच जमनी आली. जमनी तांड्यावरची, रामरावच्या शेतात निंदण-वेचणीला येणारी. दर वर्षी फाल्गुनात ती आणखी चार बायांना घेऊन यायची आणि भागीरथाच्या अंगणात तूर भरडायची. दिवसभराची वेचणी करून आली होती. बोटांची टोकं बोंडांच्या काट्यांनी फाटलेली.

"काकू, दहाचं तेल."

भागीरथानं वैष्णवीकडे पाहिलं. वैष्णवी म्हणाली, "अर्ध्या लिटरचं पाकीट आहे. त्याहून लहान नाही येत, मशीन घेतच नाही."

जमनीनं मुठीतली नोट उलटीपालटी केली. मग रॅककडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, जणू दहा रुपयांचं काहीतरी तिथं असेलच. "मंग राहू दे," ती म्हणाली. जाताना तिनं काचेच्या दाराला हात लावला, आणि हाताचा डाग पडला म्हणून पदरानं पुसला. भागीरथा हसत उभी होती. हसायचा नियम होता.

जानेवारी सरता सरता तूर वाळली. सकाळी पाचला भागीरथा रामरावसोबत शेतात जायची. दहिवरानं ओलं झालेलं तुराट मुठीत धरून खालून विळा मारायचा. ऊन चढलं की शेंगा तडकतात, म्हणून नऊच्या आत आटपायचं. मग खळ्यावर काठीनं झोडपायची. भुशाची खाज मानेपासून कमरेपर्यंत उतरायची. तशीच येऊन दोन तांबे अंगावर ओतून ती दहाला एप्रन घालायची. पावसानं कापूस नेला होता, पण तूर बरी साधली. साडेसहा क्विंटल झाली.

"बाजार समितीत टाकू," कपिल म्हणाला.

"बाजारात नाही टाकाची. मी भरडनार," भागीरथा म्हणाली.

"कुठं इकशीन? दुकानात तं कंपनीची डाळ आहे."

"खाऊ. साडेसहा क्विंटल बसून खाऊ."

रामराव कमी बोलणारा माणूस. तो बिडी विझवत म्हणाला, "भरडू दे तिले. तिच्या हाताले सवय आहे."

भागीरथानं तांड्यावर निरोप धाडला. जमनी आणि चौघी आल्या. तूर भिजवून, निथळून, तेलाचा हात फिरवून उन्हात घातली. मग अंगणात जाती लागली. दोघी दोघी समोरासमोर बसून खुंटा फिरवायच्या, पाचवी सुपानं पाखडायची. टरफल एकीकडे, बैलांना घालायची चुनी एकीकडे, मधोमध पिवळी डाळ. जमनी तिच्या बोलीत काही गुणगुणायची आणि जात्याच्या घरघरीत ते अर्धंच ऐकू यायचं. त्यांची मजुरी भागीरथानं डाळीतच दिली, त्यांनीच मागितली म्हणून. आठ दिवसांत जमनीच्या तळहातावर नवे फोड आले. भागीरथाच्याही आले. एकमेकींना दाखवून त्या हसल्या. हे हसणं नियमाचं नव्हतं.

कंपनीच्या डाळीचा भाव त्याच महिन्यात दोनदा चढला. पाकिटावर गुळगुळीत चित्र, आत बारीक, पॉलिश मारलेली डाळ, शिजवली की पाण्यात विरघळून जायची. मास्तरांची बायको एक दिवस मागच्या दारानं आली. "भागीरथाबाई, तुमच्या अंगनातली दोन किलो द्या वो." मग सरपंचाच्या घरून माणूस आला. मग रोजच कोणी ना कोणी. भागीरथानं माळ्यावरचा लोखंडी तराजू खाली काढला आणि स्वयंपाकघरात टांगला. तिथंच तेलाचं एक पिंपही आलं. तांड्यावरच्या बायांना दहाचं तेल मागच्या दारानं मिळू लागलं.

"माय, हे करारात बसत नाही," कपिल धुसफुसला. "अंकुरले कळलं तं?"

"मी दुकानात इकतो का? मी माह्या चुलीपाशी इकतो."

"दुकानातला गल्ला कमी होऊन राह्यला, आत्याबाई," वैष्णवी हळूच म्हणाली. तिला दर महिन्याला ठरलेला आकडा गाठायचा असायचा, आणि तो चुकला की फोनवर तिला बोलणी बसायची. त्या दिवशी सासूसुना एकमेकींशी बोलल्या नाहीत.

मार्चच्या पहिल्या बुधवारी अंकुर माल मोजायला आला. दुपारचे बारा. दुकानात सात-आठ माणसं होती. मास्तर, सरपंचाची वहिनी, दोन कॉलेजची पोरं. अंकुरचा चेहरा उतरलेला होता. वरून त्यालाही कोणी काही बोललं असावं. त्यानं हातातलं यंत्र रॅकवरून फिरवत फिरवत सगळं मोजलं आणि तुपाच्या बरण्यांपाशी थांबला. पुन्हा मोजल्या.

"दोन कमी आहेत," तो म्हणाला. "एक एक किलोच्या."

"असं कसं?" कपिल पुढे आला.

"कसं म्हणजे? गेल्या कोणाच्या तरी पिशवीत." अंकुरनं आवाज चढवला. "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पिशव्या बाहेर ठेवायला लावा. तांड्यावरच्या बायका येतात ना इथं?"

नेमकी त्याच वेळी जमनी दारातून आत येत होती. मागचं दार लावलेलं होतं म्हणून ती पुढून आली. खांद्याला कापडी थैली, डोक्याला बांधलेलं फडकं, पायाला माती.

"ए बाई, थांब," अंकुर म्हणाला. "थैली दाखव."

जमनीला आधी कळलंच नाही की तो तिच्याशी बोलतो आहे. तिनं मागे वळून पाहिलं. मग थैली छातीशी धरली. "काहून?"

"दाखव म्हटलं ना."

"जमने, दाखवून टाक," कपिल म्हणाला, तिच्याकडे न पाहता. "दोन मिनिटाचं काम आहे."

अंकुरनं थैली तिच्या हातातून घेतली आणि काउंटरवर उलटी केली. विळा ठणकन पडला. फडक्यात बांधलेली अर्धी भाकर, तिखटाची चिमूट असलेला कागद, गुंडीवाल्या चोळीचा तुकडा, सुईदोरा, लेकीच्या शाळेचा कसला तरी दाखला घडी घालून प्लास्टिकमध्ये ठेवलेला. तूप नव्हतं.

कॉलेजचं एक पोरगं मोबाइल वर करून उभं होतं. मास्तर साबणाच्या पाकिटावरचं वाचायला लागले. जमनी आपल्या भाकरीकडे पाहत होती. "याडी," ती पुटपुटली, आई गं म्हणावं तसं.

भागीरथा शेवटच्या रॅकपाशी उभी होती. ती चालत आली. घाईत नाही. तिनं पाठीमागे हात नेऊन एप्रनची गाठ सोडायचा प्रयत्न केला. ती सुटेना, तेव्हा तिनं ओढली आणि बंद तुटला. एप्रन काउंटरवर टाकला. मग कमरेचा बटवा काढला आणि जमनीच्या सामानाशेजारी रिकामा केला. सुपारी, अडकित्ता, चुन्याची डबी, किल्ल्या.

"हे घे. माह्यी झडती झाली," ती म्हणाली. "आता मास्तरची थैली घे."

"काकू, असं काय करता?"

"काहून? मास्तर दुकानात नव्हते का? सरपंचाची वहिनी नव्हती का? हे पोट्टं नव्हतं का?" तिनं मोबाइलवाल्या पोराकडे बोट केलं. त्यानं मोबाइल खिशात घातला. "घे सगळ्याईची झडती. कपिलच्याही खिशात पाह्य. तो तं इथंच राह्यते रात्रंदिवस. न् शेवटी तुह्यी बॅग उघड. तुह्यी सगळ्यात मोठी आहे."

सरपंचाच्या वहिनीनं हातातली टोपली खाली ठेवली.

"मी कंपनीचं काम करून राह्यलो, काकू," अंकुर म्हणाला. त्याची भाषाही आता घरची झाली होती. "बरण्या तं कमी आहेतच ना?"

"थांबा," वैष्णवी म्हणाली.

तिनं खालच्या खणातून फाइल काढली. कागद उलटत गेली, बोटं ओली करत करत, आणि एका जागी थांबली. "सतरा फेब्रुवारीचा ट्रक. तुमच्या कागदावर बरण्या चोवीस. उतरल्या बावीस. मी तिथंच लिहून ड्रायव्हरची सही घेतली. अन् तुम्हाले फोटो पाठवला." तिनं मोबाइल पुढे केला. "हा पाहा. तुम्ही त्याच्यावर 'ठीक' म्हणून अंगठ्याचं चित्र पाठवलं. मशीनमधला आकडा मात्र तुमच्या हापिसानं सुधारला नाही."

अंकुरनं मोबाइल पाहिला, कागद पाहिला. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

"माह्या ध्यानातून गेलं," तो म्हणाला. "चूक झाली, काकू. सॉरी."

"मले कायले म्हनतं?" भागीरथा म्हणाली. "न् आधी तिची थैली भर. ज्या हातानं पाडलं त्याच हातानं भर."

अंकुरनं विळा उचलला, पातं स्वतःकडे करून थैलीत ठेवला. भाकर फडक्यात नीट गुंडाळली. दाखला उचलला, त्यावर सांडलेलं तिखट फुंकर मारून उडवलं. सगळं झाल्यावर थैली दोन्ही हातांनी जमनीपुढे धरली. "चुकलं, बाई," तो म्हणाला.

जमनीनं थैली घेतली. त्याच्या तोंडाकडे तिनं पाहिलं नाही. भागीरथाला म्हणाली, "मी मांगच्या दारानंच येत होती काकू, लावलेलं होतं."

हे वाक्य भागीरथाला सगळ्यात जास्त लागलं. झडतीपेक्षाही. मागचं दार तिनंच दाखवलं होतं.

"यापुढं पुढूनच येजो," ती म्हणाली. मग अंकुरकडे वळली. "पाटी काढून ने. रॅकही ने. मले नाही पायजे."

"माय!" कपिल ओरडला. "अनामत बुडन. माह्यी गाडी गेली त्याच्यात!"

"बुडू दे."

"अन् खाशीन काय?"

"बावीस वर्स काय खाल्लं रे, माती?"

तीन दिवस कपिल घरात जेवला नाही. बाहेर पंचायतीच्या ओट्यावर बसून राहायचा. चौथ्या दिवशी ट्रक आला आणि दोघा हमालांनी फ्रीज उचलला, तेव्हा तो उठून आला. उंबऱ्यात अडत होतं म्हणून त्यानं एका कोपऱ्याला हात लावला. अनामत परत मिळाली नाही. करार मुदतीआधी मोडला होता. पाटी काढली तिथं भिंतीवर फिका चौकोन राहिला.

वैष्णवी दिवसभर रिकाम्या दुकानात उभी होती. "आत्याबाई," ती संध्याकाळी म्हणाली, "पोती परत आना, सुटा माल आना. पन एक आयका माह्यं. काउंटर आडवा नोको. लोकाईले आत येऊ द्या. हातानं घेऊ द्या. न् हिशोब मी मोबाइलवर ठेवतो. उंदराईचंही मी पाहतो."

भागीरथानं तिच्याकडे पाहिलं. "उभं राहून ठेवशीन का बसून?"

"बसून," वैष्णवी म्हणाली.

गावच्या सुतारानं बाभळीच्या फळ्यांच्या मांडण्या करून दिल्या. पोती भिंतीला लागली, तोंडं दुमडून, आत मापं. तेलाचं पिंप पुढच्या दाराशी आलं. डाळीच्या पोत्याला जागा दिली ती मधोमध. पहिल्या आठवड्यात मास्तरांची बायको आली, तांड्यावरच्या बाया आल्या, जमनी लेकीला घेऊन आली. तिनं डाळ मुठीत घेतली, बोटांमधून गळू दिली आणि लेकीला आपल्या बोलीत काही सांगितलं. मीच भरडली, असंच काहीतरी असावं.

पण कंपनीही गप्प बसणारी नव्हती. दीड किलोमीटरवर फाट्याला एका बंद पडलेल्या कृषी केंद्रात त्यांनी नवं दुकान थाटलं. एप्रिलच्या एका सकाळी तिथून भोंगा वाजू लागला. उद्घाटनानिमित्त प्रत्येक घराला एक किलो साखर फुकट. आठ वाजेपर्यंत वाघझरीच्या रस्त्यावर माणसांची रांगच चालू झाली. रामरावचा भाऊ गेला, सरपंचाची वहिनी गेली, तांड्यावरच्या बायाही गेल्या. भागीरथाच्या दुकानात त्या सकाळी एक पोरगी आली, तीही सुट्टे मागायला.

कपिल दारात उभा राहून रस्त्याकडे पाहत होता. "पाह्य," तो म्हणाला. त्यात राग नव्हता, उलट त्याचा आवाज आईसारखाच थकलेला होता. "मी म्हनलं नव्हतं?"

अंगणात जाती चालू होती. या वेळी तूर घरची नव्हती; भागीरथानं शेजारच्या दोन शेतकऱ्यांची विकत घेतली होती. जमनी आणि दोघी आल्या होत्या, बाकीच्या साखरेला गेल्या होत्या. भागीरथा उठली, पदर झटकला, पायात चपला घातल्या.

"कुठं चालली?" रामरावनं विचारलं.

"साखर आनाले."

"तू?"

"काहून? आपलं घर नाही का गावात?"

उन्हातून ती चालत गेली. रांगेत उभी राहिली, पाऊण तास. पुढच्या-मागच्या बाया तिला पाहून आधी ओशाळल्या, मग बोलू लागल्या, मग तुरीचा भाव विचारू लागल्या. टेबलामागे अंकुर होता. तिला पाहून त्याचा हात पाकिटावरच थांबला.

"काकू, तुम्ही?"

"घर नंबर एकशे चौदा. लिहून घे." तिनं सही केली, मोठ्या अक्षरांत, पूर्ण नाव. साखर घेतली, पाकीट हातात तोललं. "बरोबर भरली दिसते," ती म्हणाली. मग मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात, "अंकुर, डाळ लागली तं माह्याकडून नेजो. तुह्या मायले आवडन. पावशेरही देतो, सुटी."

रांगेत कोणीतरी खुदकन हसलं. अंकुरही हसला, ओठ दाबून, आणि पुढच्या बाईचं नाव लिहायला वाकला.

घरी आल्यावर भागीरथानं पातेलंभर पाणी चुलीवर चढवलं आणि कंपनीचं पाकीट दातानं फोडलं. साखर सढळ हातानं टाकली. जात्यावरच्या तिघींना, वैष्णवीला, रामरावला, आणि दारात उभ्या असलेल्या कपिललाही तिनं चहा दिला.

कपिलनं घोट घेतला. "लै गोड झाला, माय."

"पी," ती म्हणाली, आणि जमनीच्या समोर बसून तिनं खुंट्याला हात घातला.